‘सोबत’ या शब्दाचं वजन

मित्रांनो, न्यायाचा सगळा भार माझ्या डोक्यावर आहे. त्याआधी बारा वर्षं रद्दी होती.

मी एक जुना लोखंडी वजनकाटा आहे. रद्दीच्या दुकानात राबलो आणि ‘काटा चोख आहे’ एवढ्या कौतुकावर पोलीस चौकीतल्या मुद्देमालाच्या खोलीत आलो. तिथे माझ्या चोखपणाचं मातेरं झालं.

एकदा रोपवाटिकेतल्या माळीबुवांना पकडून आणलं. कुंपणाकडेला माजलेली गांजाची झाडं त्यांनी मुळासकट उपटून पोत्यात कोंबली होती. फेकायला, असं त्यांचं म्हणणं. पोतं माझ्यावर चढलं. मी एकवीस किलो दाखवलं आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण पोत्यात ओली माती होती, मुळं, देठ, पाला, बिया होत्या. फुलोऱ्याचे शेंडे नावाला. आमच्याकडच्या कायद्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे. पाला आणि बिया एकट्या असतील तर निर्दोष, शेंड्यांसोबत सापडल्या तर त्याही गांजा. वीस किलोच्या पुढे दहा वर्षं. आणि हवालदारांच्या कागदावर रकाना एकच: एकूण वजन.

माळीबुवांची बायको रोज डबा घेऊन चौकीत येऊन बसायची. पाला सोबत होता ना, मग सगळाच गांजा, असं हवालदारांनी तिला परोपरीनं समजावलं.

“दादा,” ती म्हणाली, “सकाळपासून मी तुमच्यासोबत बसलेय. मी हवालदार झाले का?”

हवालदारांना हसू आलं. कागद मात्र तसाच राहिला.

आठ महिन्यांनी न्यायाधीशांनी सगळं निवडून तोलायला सांगितलं. माती नि मुळं पाच किलो, देठ तीन, पाला नि बिया दीड, शेंडे अर्धा किलो. उरलेले अकरा किलो पाणी होतं, ते कधीच उडून गेलं होतं. आता माळीबुवा सुटणार, असं मला वाटलं. पण सरकारी वकिलांनी विचारलं, मुद्देमाल अकरा किलो कमी कसा झाला? त्याच्या चौकशीला पुढची तारीख पडली. माळीबुवा आतच. बायकोनं डबा उचलला आणि पुढची तारीख दोनदा विचारून घेतली.

मित्रांनो, काटा किती ते सांगतो. काय ते माणसानं सांगायचं असतं. म्हणून तोलण्याआधी निवडत जा.

आणि माझ्यावर कुणीतरी चहाचा कप ठेवलाय, तो तेवढा उचला. काटा पाव किलो दाखवतोय आणि हवालदार वही घेऊन इकडेच येताहेत.