दातोबाचं तीर्थ

मंगळवारी कोडोलीतल्या ओढ्याकाठच्या मांडवाबाहेर चपलांचा ढीग पडला, की समजायचं, आत दातोबा महाराज पोरांचे किडके दात काढतायत. सुई नाही, रडारड नाही. महाराज नाकात तीर्थाचे थेंब सोडत. पोर एकदा किंचाळे, मग खुळ्यासारखं हसे आणि मान टाकी. झेंडूच्या ढिगात पक्कड लपवलेली असे. लोकांना दात तेवढा दिसे.

"दाताची बाधा झोंबली म्हणून वरडलं," महाराज सांगत. "आता त्ये देवीआईच्या मांडीवर हाय. उठल्यावर इचारा, कायबी आठवणार न्हाय. आई दुखणं नेती आन् आठवणबी नेती."

आणि खरंच पोराला काही आठवत नसे. बाया हात जोडत.

बायडाबाई चार वर्षांच्या शिवानीला कडेवर घेऊन रांगेत उभी होती. पोरीचा गाल सुजून टम्म झालेला. महिन्यापूर्वी ती तिला कोल्हापुरात शिफा नावाच्या दातांच्या डॉक्टरणीकडं घेऊन गेली होती. त्यांनी बजावलं होतं, "नाकात औषध सोडून गुंगी आणू. जरा झोंबेल. पण सकाळपासून पोटात काही नको. गुंगीत उलटी झाली तर ती श्वासनळीत जाईल."

पण आपल्याकडं पावण्यालासुद्धा जेवल्याशिवाय उठू देत नाहीत, तिथं पोटच्या पोरीला उपाशी ठेवायचं? बायडाबाईनं एस.टी.तच पदराआड दूध-चपाती भरवली. डॉक्टरणीनं पोरीच्या तोंडात चपातीचे कण पाहिले आणि माघारी धाडलं. तो राग अजून मनात होता. महाराज मात्र आधी दहीभाताचा नैवेद्य पोटभर भरवायला सांगत. हे तिला पटलं.

शिवानीनं सगळा नैवेद्य खाल्ला. थेंब पडले तशी ती ओरडली, "आई, नाक जळतंय!" मग ती हसली आणि मऊ पडली. बायडाबाईला आठवलं, नाकात औषध, झोंबणं, मग गुंगी. डॉक्टरीण हेच तर म्हणाली होती.

दात निघाला. पाठोपाठ दहीभात वर आला. पोरीचा श्वास घशात घरघरला आणि ओठ निळे पडले.

"हात लावू नगा," महाराज म्हणाले. "आई खेळवतीया तिला."

बायडाबाईनं पोरीला हिसकून घेतलं, कुशीवर वळवलं आणि बोटानं तोंडातला भात काढला. "आई न्हवं, औषध हाय ह्ये. डॉक्टरणीनं सांगितलं व्हतं मला. काय घातलंयसा ह्यात?"

"तीर्थ हाय, बाई."

शाळेतले नागसेन सर आपल्या वर्गातली पोरं माघारी न्यायला आले होते. ते पुढं झाले. "तीर्थच हाय न्हवं? मग घ्या की तुमच्या नाकात. आमच्यासमोर घ्या."

महाराजांनी तीर्थाचा तांब्या उपरण्याआड ओढला. सरांनी उपरणं हिसकलं, तशी खालून काचेची छोटी बाटली घरंगळली. सरांनी ती खिशात टाकली आणि बाहेर उभ्या असलेल्या जीपमध्ये मायलेकींना बसवलं.

बाटलीवरचं नाव वाचून दवाखान्यात डॉक्टरांनी लगेच उतारा टोचला, ऑक्सिजन लावला. ते गुंगीचं इंजेक्शन होतं. नाकात सोडलं तरी पोरं झोपतात आणि झालेलं विसरतात. औषध खरंच होतं, पण मापही नाही आणि श्वासावर नजर ठेवणारं माणूसही नाही. शिवानी वाचली. दहीभात फुप्फुसात उतरला होता, त्याचा खोकला मात्र पुढं कितीतरी दिवस गेला नाही. ती खोकली, की बायडाबाईला तो नैवेद्य आठवे आणि घास गिळवत नसे.

पुढच्या मंगळवारी महाराज फरार होते, तरी ते येतील म्हणून मांडवात बाया पोरं घेऊन बसल्या होत्या. बायडाबाई तिथं गेली. शेजारची चिमणाबाई म्हणाली, "तुझ्या पोरीचं नशीब वंगाळ. आमच्या नातवाला गेल्या खेपंला गुण आला की. आता दुसरा दात हाय."

"गुण औषधाचा व्हता, मावशी. डॉक्टरबी त्येच घालत्यात. पर आधी पोट रिकामं हाय का बघत्यात, श्वास बघत बसत्यात. पोराला झोपवायला कुणीबी झोपवतंय. त्याला उठवायची तयारी कुणाकडं हाय, त्ये बघा, आन् तितंच पोर न्या."

 चिमणाबाईच्या मांडीवरच्या नातवाच्या हातात दहीभाताची वाटी होती. ती तिनं हळूच काढून घेतली.