प्रॉक्सी हवी तर घ्या

कुणाला नाही म्हणणं फान यू-चेनच्या अगदी जिवावर यायचं. नोकरी सांभाळून तिनं निरोप धाडायचा एक छोटा प्रोग्राम बांधला होता आणि तो फुकट वाटला होता. फुकट म्हटल्यावर काय, हुकूम सोडायला जगभरचे मालक! घरच्या इंटरनेटच्या डबीवर, राउटरवर, तो चालवणारे कुरकुरले, आमच्या यंत्रात जागा पुरत नाही. मग तिनं प्रॉक्सीचा, म्हणजे मधल्या दुसऱ्याच यंत्रामार्फत निरोप नेऊन आपला पत्ता झाकायचा, भाग वेगळा काढला. प्रोग्राम तयार करून घेताना, बिल्ड करताना, मागितला तरच तो आत येणार, एरवी नाही.

"आणि ज्यांच्या सेटिंगमध्ये प्रॉक्सी लिहिलेली आहे त्यांचं काय?" शिन्चू शहरातल्या शेवयांच्या टपरीवर फंगनं विचारलं. या कामात तो तिचा जोडीदार. कॉलेजात एक वर्ष मागे होता, म्हणून अजून तिला ताईच म्हणायचा. "प्रोग्रामनं तिथंच अडून बसायला हवं, ताई. भाग नाही तर चालणार नाही, बस्स."

"म्हणजे सगळ्यांची बोंबाबोंब माझ्याच दारात! प्रोग्रामनं ती ओळ सोडून द्यायची नि पुढं जायचं. कुणाचं काय बिघडतंय?"

"तुझा हा चांगुलपणा एक दिवस भोवणार बघ."

भोवला, पण तिला नाही.

समुद्रापलीकडे आ-मू होता. हे घेतलेलं नाव. खरं तिनं कधी विचारलं नाही, तसं विचारायचंही नसतं. तिकडं पकडून नेलेल्या माणसांच्या बातम्या नि याद्या तो याच प्रोग्राममधून बाहेर काढायचा. आपण कुठून बोलतोय ते कुणाला कळू नये म्हणून परदेशातल्या प्रॉक्सीच्या आड राहायचा. त्याचा राउटर रडतखडत चालायचा. तिनंच हौसेनं कळवलं, "नवं व्हर्जन घे रे, एकदम हलकं केलंय." प्रॉक्सी वेगळी मागावी लागते, हे सांगायचं तेवढं राहून गेलं.

त्यानं घेतलं. पुढच्याच आठवड्यात फंग तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला, चेहरा पांढराफटक. "ताई, आपल्या सर्व्हरवर बघ. आ-मू थेट येतोय."

पडद्यावर त्याच्या घरच्या जोडणीचा पत्ता होता, शहरासकट. इथं दिसतोय म्हणजे तिकडं पाळतीवर असलेल्यांनाही दिसत असणार. तिनं घाईनं त्याला लिहिलं, "बंद कर! आत्ता!"

"का गं? कधी नव्हे ते सुसाट चाललंय. सगळ्या याद्या पाठवून टाकल्या."

"त्यात प्रॉक्सी नाहीये."

त्याचं उत्तर आलं, "पण ओळ तर सेटिंगमध्ये आहे. मी तपासली होती. प्रोग्राम काहीच बोलला नाही गं."

त्यानंतर आ-मू आला नाही. त्या आठवड्यात नाही, पुढच्या महिन्यात नाही.

दुरुस्ती चार ओळींची निघाली. भाग नसेल तर प्रोग्राम आता सुरूच होत नाही. लोकांनी तोंडभरून कौतुक केलं. मेल्यांनो, कसलं कौतुक करताय!

दुरुस्तीखाली चूक दाखवणाऱ्याचं नाव लिहायची रीत असते. फंगनं हळूच विचारलं, "कुणाचं टाकू?"

तिनं आ-मू असं लिहिलं आणि लगेच पुसलं. कुठं कोंडला असेल तर ते नावसुद्धा त्याच्याविरुद्ध जाईल. खरं नाव तर तिला ठाऊकच नव्हतं. कुठल्या तुरुंगात कुणाची चौकशी करायची? कुणाच्या आईचे पाय धरायचे?

"रिकामं सोड," ती म्हणाली, आणि टेबलावर डोकं ठेवून रडू लागली.