साखरशेत ते ऑकलंड

विमान मुंबईला उतरलं तेव्हा सोनीच्या पायांना सूज आली होती. ऑकलंड ते सिंगापूर साडेदहा तास, तिथे खुर्चीवर बसून सात तास, मग पुन्हा साडेपाच. न्यूझीलंडमधल्या एका वाचनालयाच्या भिंतीवर वारली चित्रं काढायला ती जव्हारजवळच्या साखरशेतहून गेली होती, त्याला चाळीस दिवस झाले होते.

नवरा बुध्या विमानतळाच्या दारापाशी उभा होता. त्याने पिशवी घेतली.

"किती लांब गं ते?"

"विमानात पडद्यावर दाखवत होते. दोन्ही मिळून बारा हजार किलोमीटर."

"म्हणजे दीडशे वेळा जव्हार-नाशिक!" बुध्या हसला. सोनीला हसायचंही त्राण नव्हतं.

"रोशनी कशी आहे?"

"बरी आहे. सकूला सोडत नाय."

जव्हारपर्यंत एसटीत तिची मान सारखी खिडकीवर आपटत होती. पुढे जीप. घरी पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. अंगणात नणंद सकू दीड वर्षांच्या रोशनीला कडेवर घेऊन उभी होती. सोनीने हात पुढे केले. पोरीने एकदा बघितलं आणि सकूच्या गळ्यात तोंड खुपसलं.

"आये!" ती सकूला म्हणाली.

सकू गोरीमोरी झाली. "वयनी, देवाशपथ, मी नाय शिकवलं तिला."

"ठाऊक आहे मला," सोनी म्हणाली आणि उंबऱ्यावर बसली. घरी गेल्यावर रडू येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही. तिने वाटीभर आंबील प्यायली आणि तिथेच आडवी झाली.

पुढचे दोन दिवस ती भलत्या वेळी झोपायची. रोशनी लांबून बघायची, जवळ यायची नाही.

तिसऱ्या दिवशी प्रतिभाताईंचा फोन आला. परदेशातली कामं त्याच ठरवायच्या.

"सोनी, कॅनडात एक शाळा आहे. पंधराच दिवस."

"किती तास लागतात?"

"वीस-बावीस."

"पोरीला घेऊन येईन. नाहीतर दुसऱ्या कुणाला विचारा."

"अगं, एवढंसं मूल, एवढ्या लांब?"

"मीपण तेच म्हणते, ताई. लांब आहे."

प्रतिभाताई "विचारून कळवते" म्हणाल्या. पुन्हा फोन आला नाही. काम हातचं गेलं म्हणून बुध्या त्या दिवशी अर्धी भाकरी टाकून उठला. सोनीने त्याला समजावलं नाही. तेवढं बोलायचाही तिला कंटाळा आला होता.

सहाव्या दिवशी ती अंगणात नाचणी पाखडत होती. रोशनी आली, थोडा वेळ उभी राहिली, मग तिने पदर ओढला.

"पानी."

'आये' किंवा दुसरी कसलीच हाक मारली नाही. सोनीने वाटीत पाणी दिलं. पोरीने थोडं प्यायलं, थोडं अंगावर सांडलं, आणि ती सकूकडे पळाली.

सोनीने वाटी उचलून बाजूला ठेवली आणि सूप पुन्हा हातात घेतलं.