थांबवलेलं वाचन

दार आपटणं या घरात नवं नव्हतं. पण त्या रविवारी दार पुरतं मिटलं नाही, मध्ये काहीतरी सापडलं, आणि सुनेच्या तोंडून जो आवाज निघाला तो काकूंनी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता. सून कधी ओरडायची नाही. मार खाताना आवाज गिळायची तिला सवय झाली होती. काकू गाजरं चिरत होत्या, सुरी हातात तशीच धरून त्या धावल्या. मुलगा खोलीच्या दाराला खांदा लावून उभा होता. फटीत सुनेची तीन बोटं होती आणि तो अजून रेटत होता.

"दाखव ना आता चूक," तो म्हणत होता, अगदी शांतपणे. "याच बोटांनी ओळ धरून बसली होतीस ना वर? दाखव."

काकूंनी मागून त्याचा सदरा खेचला. त्यानं वळूनही न बघता कोपर मारलं. ते छातीत बसलं आणि काकू भिंतीवर जाऊन आदळल्या. सुरी खाली पडली. मग त्यानं दार सोडलं, सुरी उचलून ओट्यावर नीट ठेवली, हात धुतले आणि दुकान उघडायला निघून गेला. चष्म्याचं दुकान होतं त्याचं. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवताना इतक्या हळुवार हातानं बसवायचा की म्हाताऱ्या बायका त्याला आशीर्वाद देऊन जायच्या.

खरं तर हा राग शनिवारचा. पण शनिवारी शब्बाथ, त्या दिवशी काम करायचं नाही हा नियम तो काटेकोर पाळायचा. म्हणून राग त्यानं रविवार सकाळपर्यंत जपून ठेवला होता. असा धार्मिक माणूस.

शनिवारी झालं होतं ते एवढंच. सिनेगॉगमध्ये दर शनिवारी तोराची, म्हणजे यहुदी धर्मग्रंथाची, गुंडाळी कपाटातून बाहेर काढतात आणि वाचक ती गाऊन वाचतो. हा वाचक म्हणजे काकूंचा मुलगा. लहानपणापासून त्याचा आवाज असा की सगळे त्याला 'गळा' म्हणूनच ओळखायचे. वाचनात एका शब्दाचीही चूक चालत नाही. वाचक चुकला की बाकांवरून लोक तिथल्या तिथे मोठ्यानं दुरुस्त करतात आणि त्याला ते परत वाचावं लागतं. त्यात कुणी राग मानत नाही, उलट काही म्हातारे तेवढ्यासाठीच कान टवकारून बसलेले असतात. पण हे काम खालच्या पुरुषांचं. बायका वरच्या सज्जात, पुस्तक मांडीवर घेऊन. त्या शनिवारी गळ्यानं एक अख्खी ओळ गाळली, खालचे म्हातारे नेमके पेंगत होते, आणि सज्जातून सुनेच्या तोंडून ती ओळ खणखणीत बाहेर पडली. तिचे वडील वाचक होते. पाळण्यात असल्यापासून तिनं ते ऐकलेलं, ओळ गळली की तिला शिंक आल्यासारखं आवरायचं नाही.

"गळा खाली आणि कान वर!" कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. गळाही हसला. सज्जाकडे बघून त्यानं मान लववली आणि ओळ पुन्हा वाचली. ते हसू काकूंच्या ओळखीचं होतं.

रविवारी हाडवैद्यानं विचारलं तेव्हा काकूच बोलल्या, "दारात सापडली बोटं." खोटं तरी कुठे होतं? आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं कुणाला? दोन बोटं मोडली होती, तिसऱ्याचं नख गेलं होतं. सुनेनं त्याच संध्याकाळी सिनेगॉगच्या हॉलमध्ये जाऊन मुलांच्या गाण्याची तालीम घेतली, डाव्या हातानं. पुढच्या शनिवारी सिनेगॉगच्या इमारतीचा वाढदिवस होता. मुलांचं गाणं संध्याकाळी, त्याआधी जुन्या फोटोंचं प्रदर्शन, सर्वांना एकत्र जेवण, परगावचे पाहुणे. हॉलचं स्वयंपाकघर कायमचं काकूंच्या ताब्यात, लग्न असो की दुखवटा, म्हणून तर त्या सगळ्या जमातीच्या काकू. आठवडाभर त्या पातेली घासत होत्या आणि मनात एकच घोळत होतं: हा हिला जिवंत ठेवत नाही.

बुधवारी त्या जमातीच्या अध्यक्षांकडे गेल्या. अध्यक्ष दातांचे डॉक्टर. दवाखान्यात दुसरं कुणी नव्हतं, तरी त्यांनी दार लोटून घेतलं.

"काकू, एवढा कार्यक्रम होऊन जाऊ द्या," सगळं ऐकून ते म्हणाले. "मग मी त्याला बाजूला घेऊन बोलतो. समजूतदार आहे तो."

"गेल्या वर्षी तिचे पुढचे दोन दात तुम्हीच बसवलेत. तेव्हा काही विचारलंत?"

"पेशंटचं खाजगी असतं हो."

"अख्खा हात तिच्या तोंडात होता तुमचा. त्याहून खाजगी काय राहिलं?"

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. चष्मा अर्थातच गळ्याच्या दुकानातला. "आणि शनिवारी वाचणार कोण?" ते म्हणाले. "पाहुणे त्यालाच ऐकायला येतायत."

काकू उठल्या. ताकाला जाऊन भांडं त्यांनी लपवलं नव्हतं, तरी ताक मिळालं नाही ते नाहीच.

शुक्रवारी सूर्य मावळायच्या आधी सून शब्बाथच्या मेणबत्त्या लावायला उभी राहिली. पट्टी बांधलेल्या हातानं तिला काडी ओढता येईना. एक काडी मोडली, दुसरी मोडली. गळा प्रार्थनेला जायचे कपडे करून बसला होता. तो उठला आणि त्यानं मागून तिची मान धरली. "बोटं झाली," तो म्हणाला. "उद्या वरून पुन्हा आवाज आला तर ही." आणि नुसतं बोलून थांबला नाही. त्यानं दाबली. सुनेचे पाय टेबलाला लाथा मारू लागले, टेबलक्लॉथ ओढला गेला, मेणबत्त्यांचा स्टँड घरंगळून खाली आला. तिचा चेहरा आधी लाल, मग जांभळा, मग कसला तरी राखेच्या रंगाचा झाला. काकू त्याच्या मनगटावर दोन्ही हातांनी मारत होत्या, नखं लावत होत्या, त्याला त्याचं काही नव्हतं. मग त्याचं लक्ष घड्याळाकडे गेलं. प्रार्थनेची वेळ झाली होती. त्यानं मान सोडली, सदऱ्याच्या बाह्या सारख्या केल्या आणि निघाला.

सून जमिनीवर खोकत पडली होती. काकू तिच्याजवळ बसल्या. वेळ झाली म्हणून सोडलं यानं, त्यांच्या मनात आलं. एखाद्या दिवशी त्याला वेळेवर कुठे जायचंच नसेल.

"उद्या मी बोलणार आहे," त्या म्हणाल्या.

"कुणाशी?"

"सगळ्यांशी."

"नको, आई," सून घोगऱ्या आवाजात म्हणाली. "मारून टाकेल तो मला."

पण काकूंना एक जुनी गोष्ट आठवली होती. त्या लहान असताना एका बेकरीवाल्याच्या मोलकरणीनं शनिवारचं वाचन अडवलं होतं. मालकानं तिच्या पाठीवर गरम सळई ठेवली होती. ती सरळ जाऊन तोराच्या कपाटाला पाठ लावून उभी राहिली, कारण रीतच होती तशी: ज्याच्यावर अन्याय झाला त्यानं वाचन थांबवावं, आणि त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय तोरा बाहेर काढू नये. त्यानंतर असं कुणी केलेलं काकूंना माहीत नव्हतं. एक तर जमातीत अन्याय संपला असावा, नाहीतर लोकांची लाज वाढली असावी.

शनिवारी सिनेगॉग गच्च भरलं होतं. पाहुणे पुढच्या बाकांवर, त्यांच्यामागे आपली माणसं इस्त्रीच्या कपड्यांत. मंचावर गळा पांढरी शाल पांघरून उभा होता. कपाटाचा मखमली पडदा सरकवायला सेवक पुढे झाला, तेव्हा काकू सज्जाचा जिना उतरून पुरुषांच्या बाकांमधून चालत आल्या. कुणाला वाटलं स्वयंपाकघरात काही अडलं असेल. त्यांनी सेवकाला बाजूला केलं आणि कपाटाच्या दारांना पाठ टेकली.

"तोरा बाहेर निघणार नाही," त्या म्हणाल्या. "माझी तक्रार आहे."

कुजबुज उठली. अध्यक्ष अर्धवट उभे राहिले. "काकू, आज नको, पाहुण्यांसमोर..."

"हक्क आहे तिचा," दुसऱ्या बाकावरचे पुस्तकं बांधणारे आजोबा म्हणाले. "ऐकल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बसा तुम्ही."

अध्यक्ष बसले. काकू बोलू लागल्या. "माझा मुलगा बायकोला मारतो. रविवारी दारात घालून तिची बोटं मोडली. काल संध्याकाळी मान दाबली. तो तिला मारून टाकणार आहे. मी त्याची आई आहे आणि मी हे सांगते आहे."

मग अध्यक्षांनी सज्जाकडे मान वर केली. "सूनबाई, खरं आहे का हे?"

सगळी तोंडं वर वळली. सून कठड्याशी उभी राहिली. मानेभोवती तिनं जाड रुमाल गुंडाळला होता. ती नवऱ्याकडे बघत होती.

"नाही," ती म्हणाली. "मी पडले होते."

सभागृहभर सुटकेचा निःश्वास गेला. लोकांना दुसरं हवं तरी काय होतं? गळा मंचावरून उतरला, आईजवळ आला, तिच्या खांद्याभोवती हात टाकला आणि सगळ्यांना म्हणाला, "थकलीय ती. आठवडाभर स्वयंपाकघरात उभी आहे." मग तिच्या केसांत तोंड घालून काहीतरी पुटपुटला. बघणाऱ्याला वाटावं, मुका घेतोय.

"मोठ्यानं सांगू?" काकू म्हणाल्या. "'घरी चल, दोघींना एकदमच बघतो', असं म्हणाला आत्ता." तो हसला. काकूंनी त्याला जन्म दिला होता, त्याला कुठे लागतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? "गेल्या शनिवारी ओळ तू गाळलीस," त्या म्हणाल्या. "वाचन तिला येतं. तुला नुसता आवाज आहे."

पहिला ठोसा तोंडावर बसला. काकूंचं डोकं मागे कपाटाच्या नक्षीवर आपटलं. दुसरा कानशिलावर. त्या घसरू लागल्या तेव्हा त्यानं केसांना धरून त्यांना उभं केलं आणि तिसरा मारला. पडद्याच्या मखमलीवर रक्ताचे शिंतोडे उडाले. शाल त्याच्या खांद्यावरून गळून पायात आली, तिच्यावरच पाय देऊन तो मारत होता. बाकांवर माणसं जिथल्या तिथे. आधी उठले ते पुस्तकं बांधणारे आजोबा. ते त्याच्या दंडाला लोंबकळले. गळ्यानं त्यांच्या पोटात गुडघा घातला आणि आजोबा पायऱ्यांवर कोसळले. तेव्हा कुठे बाकीचे धावले. पाच-सहा जणांनी त्याला पाडलं. एकानं त्याच्या पाठीवर गुडघा रोवला, तो त्याच गोड आवाजात शिव्या देत होता. खालून हॉलमधला टेबलक्लॉथ आणून हात बांधले. अध्यक्षांनी खिशातून फोन काढला आणि पोलिसांना लावला. शब्बाथला फोन वापरायचा नसतो, मग तो त्यांच्या खिशात काय करत होता, हे कुणी विचारलं नाही.

पोलीस त्याला घेऊन गेले. काकू कपाटाच्या पायथ्याशी बसल्या होत्या, तळहातावर त्यांचा एक दात होता. अध्यक्ष वाकून बघू लागले, काकूंनी मूठ मिटली. आजोबांना कुणी पाणी पाजत होतं.

"तक्रार ऐकली गेली," सेवक घुटमळत म्हणाला. "आता उघडायचं का?"

"थांबा."

सून खाली आली होती. गर्दी बाजूला झाली. तिनं मानेभोवतीचा रुमाल काढला, तेव्हा बोटांच्या निळ्या खुणा शेवटच्या बाकापर्यंत दिसल्या असतील. काकूंनी भिंतीला धरून उठत तिच्याकडे हात पुढे केला. सुनेनं तो धरला नाही. ती कपाटाला पाठ लावून उभी राहिली.

"माझी तक्रार राहिली आहे," ती म्हणाली. "सासूबाईंविरुद्ध."

"अगं, त्यांनीच तर आज..." अध्यक्ष म्हणाले.

"आज. मघाशी मी पडले म्हणाले, ते वाक्य माझं नाही. त्यानं पहिल्यांदा मारलं तेव्हा ह्या बर्फ घेऊन आल्या. डोळ्यावर धरला. आणि म्हणाल्या, कुणी विचारलं तर पडले म्हण. दोनदा म्हणून घेतलं माझ्याकडून. आमच्या खोलीत आणि ह्यांच्या खोलीत एक भिंत होती. आवाज वाढला की ह्यांचा रेडिओ वाढायचा." तिचा आवाज बसलेला होता, तरी शब्द न शब्द ऐकू येत होता. "माझं मूल पोटातच गेलं तेव्हा डॉक्टरांना जिना ह्यांनीच सांगितला. आमच्या घरात जिना नाही."

"पुरे आता," पाहुण्यांतलं कुणीतरी म्हणालं. "म्हाताऱ्या बाईला रक्त येतंय."

"बोलू द्या तिला," काकू म्हणाल्या. तोंड सुजल्यानं शब्द जड येत होते. पदरानं त्यांनी हनुवटीवरचं रक्त पुसलं आणि कपाटापासून चार पावलं मागे सरून सुनेच्या समोर, सगळ्यांच्या मध्ये उभ्या राहिल्या. "खरं आहे सगळं. पहिल्यापासून सांग."

सून पहिल्यापासून सांगू लागली. खाली हॉलमध्ये जेवण झाकलेलं राहिलं, पाहुणे घड्याळं बघायचे थांबले. मध्येच कुणीतरी खुर्ची आणून काकूंच्या मागे ठेवली. काकू तिच्यावर बसल्या नाहीत.