दाब सांगणारा

मित्रांनो, तुमच्या मुठीत मावेन एवढाच मी. विसरवाडीच्या हमरस्त्यावर हेमकांत मिस्त्रीचं गॅरेज आहे, तिथे एका डब्यात पडून असतो. मी गाडीच्या गिअरबॉक्समधला सेन्सर आहे, म्हणजे होतो. आतल्या तेलाचा दाब ओळखायचा आणि वायरीतून गाडीच्या कॉम्प्युटरला कळवायचा, एवढंच माझं काम. माझ्या निरोपावर तो गिअर बदलायचा. आता मला दाब जाणवत नाही. खरं सांगतो, त्याचं वाईटही वाटत नाही.

आमची गाडी योसेफदादांची. ऊसतोडीला गुजरातेत गेले असताना कमरेला मार बसून त्यांचा डावा पाय कायमचा बधिर झाला. दोन वर्षं ते अंगणातल्या खाटेवर होते. त्यांची बायको मंगळीबाई हात धरून उठवायची. क्लच दाबता येईना, म्हणून त्यांनी सुरतेहून ही बिनक्लचची जुनी गाडी आणली आणि भाडी घेऊन थेट खांडबाऱ्यापर्यंत जाऊ लागले. तेलात बुडालेल्या माझं कौतुक कोण करणार? पण माझी नोकरी चोख होती.

मग एक दिवस गाडी तिसऱ्या गिअरमध्येच अडकून बसली. हेमकांतने तपासणीचं यंत्र जोडलं. त्यावर माझं नाव आलं. पुढे काही न बघता त्याने मला उपटलं आणि फरशीवर फेकलं. माझी पिन मोडली, अंगाला तडा गेला.

नवा सेन्सर बसवला तरी गाडी तशीच. आता गिअरबॉक्सच गेला असेल, तो काही परवडायचा नाही, गाडी भंगारात काढा, असं हेमकांत म्हणाला. बाकावर बसून योसेफदादांनी दोन्ही हातांनी डावा पाय उचलून सरळ केला. त्यांच्या डोळ्यांपुढे ती खाट असणार, दुसरं काय?

शेवटचा प्रयत्न म्हणून हेमकांतने दाब मोजायचं मीटर लावून पाहिलं. दाब ठीक होता. मग त्याने सेन्सरला जोडायच्या वायरीचं टोक उघडलं. आत हिरवा गंज.

"दादा, गाडी नदीमा उतारीसन धुतस का?"

"दर शनवारे. रविवारे प्रार्थनाले जानं पडस. मळकी गाडी कशी लई जाऊ?"

नदीचं पाणी वायरीच्या टोकात मुरत गेलं होतं. मी दाब सांगत होतो, तो पोहोचत नव्हता. टोक बदललं आणि गाडी सुरळीत चालली. योसेफदादांनी मला फरशीवरून उचललं, तळहातावर फिरवून पाहिलं.

"मंग हाऊ खराब नव्हता?"

"नव्हता," हेमकांत म्हणाला. "आते व्हई ग्या."

मित्रांनो, यंत्रावर कुणाचं नाव आलं म्हणून त्याला लगेच उपटू नका. आधी त्याची वायर बघा. पाच मिनिटांचं काम असतं. माझ्या वेळी ती पाच मिनिटं कुणाकडे नव्हती.