पंखा स्वयंपाकघरात, बटण बैठकीत

मित्रांनो, मी एक जुना पंखा आहे. छताला लटकून लोकांना वारा घालणारा नव्हे. भिंतीच्या भोकात बसून घरातला धूर बाहेर फेकणारा. शिकलेली माणसं मला एक्झॉस्ट फॅन म्हणतात. हिंगणघाटात मात्र मला 'उलटा पंखा' असंच नाव पडलं, कारण माझा वारा खायचा तर घराबाहेर जाऊन उभं राहावं लागतं.

माझा जन्म कलकत्त्याच्या कारखान्यातला. उमेदीची वर्षं नागपूरच्या एका टॉकीजमध्ये, सिनेमाच्या यंत्राच्या खोलीत गेली. मालकानं नवा पंखा आणला आणि मी भंगारात आलो. तिथून मला अच्युतराव मास्तरांनी उचललं. ते हायस्कुलात इंग्रजी शिकवत. आमच्याकडे कापूस वेचून झाला की उरलेली झाडं, म्हणजे पऱ्हाटी, चुलीत जळते आणि तिचा धूर फार झोंबतो. मास्तरांच्या पत्नी सुनीतीबाई यांचे डोळे त्यानं कायम लाल असत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "धूर थांबवा, नाहीतर नजर जाईल." मला वाटलं, चला, म्हातारपणी पुण्याचं काम मिळालं.

पण वायरमनला बोलावणं शक्य नव्हतं. 'आपल्या घराचं काम आपल्या हातानं' यावर मास्तरांनी पंधरा ऑगस्टला शाळेत भाषण ठोकलं होतं. मला सायकलच्या कॅरियरला बांधून ते थेट मोतीलालच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. हातोडी घेतली, छिन्नी घेतली, लाल मुठीचा पेचकस घेतला. पकडीपाशी मोतीलाल म्हणाला, "मास्तर, रबरी मुठीची घ्या. करंट लागणार नाई."

"ती काळी आहे हो. ती चकचकीत दाखवा."

"चकचकीत आहे खरी. झटकाबी चकचकीत देईल."

मास्तरांनी चकचकीत घेतली.

मीटर बैठकीत होता. तिथून दारांच्या चौकटींवरून तार माझ्यापर्यंत आली. काम सुबक झालं, हे मान्य केलं पाहिजे. शेवटचा जोड देताना मात्र मोतीलालचा शब्द खरा ठरला आणि मास्तर स्टुलावरून एकदम आरामखुर्चीत आले. पक्कड बदलावी, असं त्यांच्या मनात आलं नाही. बाईमाणसानं विजेला हात लावू नये, असं मात्र आलं. म्हणून बटण बैठकीत बसलं, बटणावर लाकडी पेटी बसली, पेटीला कुलूप लागलं आणि किल्ली गेली जानव्याला.

मी चार स्क्रूंनी भिंतीत अडकलो. पाठीमागे बोळ होता, मोकळी हवा होती. समोर चूल होती आणि चुलीपाशी सुनीतीबाई. त्यांच्या खोलीला दोन दारं होती, पण स्वयंपाक संपेपर्यंत त्यांतल्या एकाचाही त्यांना उपयोग नव्हता.

"अहो, पंखा!" त्या हाक मारत.

"लावतो." मग पेपरचं पान उलटल्याचा आवाज येई. पंखा लागेपर्यंत वरण उतरलेलं असे. घरी कुणी बोलायला आलं की माझी घरघर अडचणीची होई आणि मी बंद. मास्तर शाळेत गेले की किल्लीही शाळेत.

शेजारच्या देवकाबाईंनी एकदा विचारलंच, "काऊन वं सुनीती, घरात पंखा असून डोये असे?"

"पंखा शाळेत गेलाय, मावशी."

दोघी हसल्या. मला हसता येत नाही, येत असतं तरी हसलो नसतो. निवडलेल्या तांदळात खडे राहू लागले होते. मास्तर जेवताना कपाळाला आठ्या घालत. सुनीतीबाई ताट कसं उजव्या डोळ्याशी नेऊन निवडतात, ते मी रोज पाहत होतो. माझी पाती धड होती, मोटार धड होती, आणि मी नुसता पाहत होतो.

एका रविवारी वडनेरचे बाबाराव आले. ते शाळेच्या कमिटीवर होते. मास्तरांनी भिंतीवर टांगलेली हत्यारं दाखवली, माझं वायरिंग दाखवलं, आत भज्यांची फर्माईश केली आणि बोलणं नीट ऐकू यावं म्हणून मला बंद केलं. पऱ्हाटी ओली होती. सुनीतीबाईंनी हाक मारली. पुन्हा मारली. बैठकीत 'स्वावलंबन' चाललं होतं.

मग त्यांनी हलवता येणारी मातीची चूल जळत्या पऱ्हाटीसकट घमेल्यात ठेवली. देवकाबाईंना बोलावून त्यांच्या हाती कढई दिली. मधली दारं उघडी होती, मला सगळं दिसलं. दोघींनी बैठकीत नेमकी बटणाच्या पेटीखाली चूल मांडली.

"अगं, हे काय?" मास्तर उठलेच.

"बटण इथं आहे. मी एकटीच तिकडं राहून काय करू?"

"मास्तर," डोळ्यांना उपरणं लावत बाबाराव म्हणाले, "माये डोये चुरचुरून राह्यले न बाप्पा!"

"तिचे तं दोन वर्सं झाले चुरचुरून राह्यले," देवकाबाई म्हणाल्या. "तुमी भजे खा."

मास्तरांनी घाईघाईनं पेटी उघडून बटण दाबलं. रिकाम्या स्वयंपाकघरातली स्वच्छ हवा मी जोरात बोळात फेकू लागलो. बैठकीतला धूर जागचा हलला नाही. सुनीतीबाईंनी शेवटचा घाणा काढला, तोवर मास्तर खोकत होते आणि स्वावलंबनावर कुणीच बोलत नव्हतं.

त्याच दुपारी मास्तरांनी बटण काढून चुलीशेजारी लावलं. पेटी नाही, कुलूप नाही. मोतीलालकडून काळ्या मुठीची पक्कड आली, ती कुणालाही न दाखवता.

डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. उजवा डोळा वाचला. डाव्यासाठी उशीर झाला होता.

मित्रांनो, हत्यारं चांगली घ्यावीत, तार नीट ओढावी. पण त्याआधी जिला धूर लागतो तिला विचारावं, बाई, बटण कुठं हवं? आणि आम्हा पंख्यांना अधूनमधून पुसावं. काजळी चढली की आमचाही जीव कोंडतो. सुनीतीबाई दर शनिवारी मला बंद करून फडक्यानं पुसतात. डाव्या बाजूची जाळी दरवेळी थोडी राहून जाते. मास्तर शाळेतून आले की गुपचूप स्टुलावर चढून तेवढी पुसून घेतात.