सांगणारे घरीच राहिले

चार दिवस आभाळ नुसतं भरून यायचं आणि न पडता निघून जायचं. पाऊस पडला असता तर अर्धे बटाटे जमिनीतच सडले असते, म्हणून घरातला जो तो काढणीला लागला होता. धाकटा दीर नांगराने सऱ्या फोडत पुढे जायचा आणि मागून आम्ही दोघी जावा वाकून वेचत यायचो. माती अशी चिकट, की बोटांच्या बेचक्यात बसली की निघायचं नाव नाही. कंबर मोडून आली होती. पण एकदा बसलं की उठवत नाही हे दोघींना ठाऊक होतं, म्हणून बसत नव्हतो.

तिसऱ्या सरीच्या टोकाला धाकटी थांबली. पाटी खाली ठेवली, बांधाआड गेली आणि भडाभडा ओकली. परत आली, तोंड पुसलं, पाटी उचलली. जसं काही झालंच नाही.

मी म्हटलं, "काय गं, पित्त झालं?"

"हो."

"कितवा महिना लागलाय या पित्ताला?"

ती हसली नाही. पुढे नवऱ्याकडे बघून घेतलं, तो लांब होता.

"दोन भरत आले," ती म्हणाली. "कुणाला बोलू नकोस ताई. मला नकोय हे."

हातातला बटाटा मी पाटीत टाकायचा तो सरीतच टाकला.  दिवस मावळेपर्यंत तिच्या शेजारी वाकून वेचत होते, पण तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर तोंडातून काय निघालं असतं कुणास ठाऊक.

माझ्या लग्नाला बारा वर्षं झाली. दोनदा राहिलं आणि दोन्ही वेळा पाचव्यात गेलं. दुसऱ्या वेळी जीव वाचला तेवढं पुष्कळ, असं सगळे म्हणाले. त्यानंतर कूस उजवलीच नाही. धाकटी या घरात आली ती सात वर्षांपूर्वी. तिला दोन मुली, एक मुलगा, मुलगा सव्वा वर्षाचा. तिन्ही पोरं माझ्या हाताखालून गेली. न्हाऊ-माखू घातलं, दुखलंखुपलं बघितलं, पण हाक मारायची वेळ आली की पोरं 'आई' म्हणून तिच्याकडे धावतात. ते बरोबरच आहे. तरी ते दर वेळी लागतं ते लागतंच.

संध्याकाळी गोठ्यात ती धार काढत होती. मी वासराला धरून उभी होते. मनात दिवसभर जे घोळत होतं ते बोलून टाकलं.

"धाकटे, ते मला दे."

"काय?"

"जन्माला घाल आणि माझ्या पदरात टाक. तुला दुधापुरतं बघावं लागेल, बाकी सगळं मी करीन. तुझ्यावर काडीचा भार पडू देणार नाही."

तिचे हात थांबले. गाईने पाय हलवला तेव्हा परत चालू झाले.

"ताई, मागच्या खेपेला टेम्पोत माझ्या पायाशी कोण बसलं होतं?"

"मीच."

"मग तुला काय सांगू. खालच्या गोणपाटातून रक्त फळीवर आलं होतं. मला सगळं दिसत होतं पण बोलता येत नव्हतं. तू माझे पाय घट्ट धरून देवाला शिव्या देत होतीस, ते ऐकू येत होतं."

"त्या वेळी वाचलीस ना?"

"वाचले. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, तेही तू ऐकलंस. पुन्हा असं झालं तर त्या काही सांगू शकत नाहीत." तिने बादली उचलून बाजूला ठेवली. "आणि ते राहू दे. समजा मी वाचले, पोरही वाचलं आणि तुला दिलं. मग ते रोज माझ्यासमोर अंगणात फिरणार आणि तुला आई म्हणणार. मला ते सोसणार नाही. पोटातलं पोर दुसऱ्याला देण्याएवढी मोठी मी नाही गं."

"आणि पाडून टाकायला मोठी आहेस?"

बोलले आणि लगेच जीभ चावली. पण शब्द गेला होता. तिने बादली घेतली आणि माझ्या अंगाला अंग न लावता बाहेर गेली.

घरात गोष्ट लपत नाही. तिसऱ्या दिवशी चहाचा वास आला तशी धाकटी तोंड दाबून उठली आणि सासूबाईंनी कप खाली ठेवला. त्यांनी सात बाळंतपणं काढलेली. त्यांना काय सांगायचं?

"मला कुणी सांगायचं राहिलं का?" सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडावर जरा उजेडच आला होता. मग धाकटी बोलली आणि तो उजेड गेला.

"आई, मी ठेवणार नाहीये."

"ठेवणार नाहीस म्हणजे? ती काय हंडा-कळशी आहे, ठेवायला न ठेवायला?"

"मला जमणार नाही."

"मुलगी असेल म्हणून?"

"काय आहे ते मला माहीत नाही आणि मी विचारणारही नाही. तीन आहेत तेवढीच मला धड वाढवायचीत. आणि ती वाढताना बघायला मला जिवंत राहायचंय."

सासूबाई पाटावर नीट सरसावून बसल्या. त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"ऐक. मला सात झाली. चार राहिली, तीन मी माझ्या हाताने मातीत ठेवली. एकेकाचं तोंड अजून आठवतं. आलेल्या जिवाला मी नाही म्हटलं नाही. अंगात ताप असताना, घरात दाणा नसताना, नाही म्हटलं नाही. तुझ्या नवऱ्याच्या वेळी मी अशीच थकले होते. नाही म्हटलं असतं तर तू आज कुणाची बायको असतीस?"

  धाकटी एवढंच म्हणाली, "तुम्हाला तेव्हा कुणी विचारलं होतं का, आई?"

"कशाला विचारतील? विचारायची पद्धत होती का?"

दीर उंबऱ्यावर बसून कुदळीला चिकटलेली माती काडीने खरवडत होता. माती केव्हाच निघाली होती, तरी खरवडत होता. तो मनाने वाईट नाही. पण मागच्या बाळंतपणानंतर ऑपरेशन करून घेतो म्हणून त्याने बायकोला शब्द दिला होता आणि पेरणी झाल्यावर, खुरपणी झाल्यावर, काढणी झाल्यावर असं करत सव्वा वर्ष ढकललं होतं.

"तुम्ही बोला की काहीतरी," धाकटी त्याला म्हणाली.

"आता मी काय बोलू? आई म्हणते तेही खरं आहे. तू म्हणतेस तेही..."

"दोन्ही खरं कसं असेल?"

"मला नाही समजत," तो म्हणाला आणि कुदळ घेऊन रानात गेला. त्याचं रानात काही काम नव्हतं.

आमच्या ह्यांनी सगळं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वैरण टाकता टाकता मला म्हणाले, "तू समजाव तिला. ती तुझं ऐकते." थोडं थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आपल्याला एक झालं असतं."

बारा वर्षांत हा माणूस त्याबद्दल कधी बोलला नव्हता. मी पेंढी हातात धरून तशीच उभी राहिले.

म्हणून सांगते, धाकटीला कुणी एकजण छळत होतं असं नव्हतं. सगळी तिच्या मायेचीच माणसं होती. पण आठवडाभर तिला जिथं तिथं कुणीतरी गाठायचं. चुलीपाशी सासूबाई, विहिरीवर चुलत सासू, रानात मी. हो, मीही. रोज वेगळ्या शब्दांत तेच म्हणायचे. ती ऐकून घ्यायची आणि वाकून वेचत राहायची. शेवटी शेवटी तर उत्तर द्यायचीही बंद झाली. तिचे डोळे खोल गेले.

नवव्या दिवशी सकाळी मी बटाट्याच्या गोण्यांची तोंडं शिवत होते. धाकटी हातात कापडी पिशवी घेऊन बाहेर आली. सव्वा वर्षाच्या पोराला तिने सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं. सासूबाईंनी त्याला घेतलं, पण तोंड फिरवलं. ती रस्त्याला लागली. नवरा गोठ्याच्या दारात उभा होता. त्याने एक पाऊल टाकलं आणि तिथंच थांबला.

ती वळणावर पोहोचली तेव्हा मी दाभण गोणीत खुपसलं आणि उठले.

"कुठे निघालीस?" सासूबाई ओरडल्या.

मी धावले. बस येता येता तिला गाठलं. तिने माझ्याकडे संशयाने बघितलं.

"परत न्यायला आलीस?"

"सरक तिकडे," मी म्हटलं. "मला खिडकीची जागा लागते, नाहीतर मळमळतं."

तेव्हा ती आठ दिवसांत पहिल्यांदा हसली.

दवाखान्यात लांबलचक बाक होता. समोर दिवस भरलेली एक बाई बसली होती, पोटावर हात ठेवून कसलंसं गुणगुणत होती. मी तिच्याकडे बघायचं नाही म्हणत होते आणि बघत होते. आमचा नंबर आला तशी दोघी आत गेलो. डॉक्टरीणबाईंनी मागचे कागद चाळले, तपासलं, आणि मला विचारलं, "तुम्ही कोण?"

"थोरली जाऊ."

"तुम्ही जरा बाहेर बसा. मला हिच्याशी एकटीशी बोलायचंय."

मी उठले, पण दाराचा पडदा पातळ होता. आणि खरं सांगायचं तर मी पडद्याला लागूनच उभी राहिले.

"कुणी पाठवलं तुला? नवऱ्याने? सासूने?"

"कुणी नाही. सांगणारे सगळे घरीच राहिलेत, आणि सगळे नको म्हणतायत."

"मग सही कुणाची आणलीस म्हणून विचारत नाही मी. सही तुझीच लागते. तुला काय वाटतं ते सांग."

 मला वाटलं, आता ती मन बदलेल. लपवत नाही, मी पडद्याआड उभी राहून तेच मागत होते. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून मागत होते.

"मला भीती वाटते," धाकटी म्हणाली. "आणि मी फार दमलेय. पण मला हे नकोय, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. कुणी विचारलं नव्हतं म्हणून धड सांगता आलं नाही."

तिचं शिक्षण चौथीपर्यंतचं. कागदावर नाव लिहायला तिला वेळ लागला. पेन घासल्याचा आवाज मला बाहेर ऐकू येत होता.

पुढचं सगळं त्याच दिवशी झालं. त्यांनी तिला दोन तास पडून राहायला सांगितलं. मी उशाशी बसले. तिने माझा हात धरला नाही, मीच तिचा धरला. परतीच्या बसमध्ये तिने डोकं माझ्या खांद्यावर टाकलं. मला वाटलं झोपली. मी खिडकीकडे तोंड करून रडत होते, तेव्हा तिचा आवाज आला.

"ताई, वाईट मलाही वाटतंय. पण चुकलं असं नाही वाटत. असं होतं का कुणाला?"

"मला काय माहीत," मी म्हटलं. "मला चुकलंच वाटतंय. तू गप्प पड."

ती गप्प पडली. माझ्याच खांद्यावर.

घरी आलो तर सासूबाई दारातच. पोरांना जेवू घालून झालं होतं. त्या धाकटीशी बोलल्या नाहीत. मला म्हणाल्या, "तिला सांग, आतल्या खोलीत अंथरूण घातलंय. आठ दिवस रानात पाय ठेवायचा नाही म्हणावं." धाकटी दोन हातांवर उभी होती. ती आत गेल्यावर सासूबाईंनी माझा दंड धरला.

"तू कशी गं गेलीस तिच्याबरोबर? तू? तुला तर..."



"एकटी गेली असती ती," मी म्हटलं. 

दीर पुढच्याच आठवड्यात कुणाला न सांगता जाऊन ऑपरेशन करून आला. पाय फाकून हळूहळू अंगणात शिरला. धाकटीने त्याच्यापुढे पाणी ठेवलं आणि म्हणाली, "काढणी झाली वाटतं." एवढंच. तो मान खाली घालून पाणी प्याला.

सासूबाई मात्र दोन महिने तिच्याशी बोलल्या नाहीत. जे काय सांगायचं ते माझ्यामार्फत. तिला सांग गाईला पाणी दाखव. तिला सांग पोराला खोकला झालाय. धाकटी चार हातांवर उभी असायची आणि मी इकडचं तिकडे करायचे. माझा जीव मेटाकुटीला आला. मनातून मी सासूबाईंच्या बाजूची होते, कुणी विचारलं तर आजही आहे, पण अंथरुणावर शेक, दूध, औषध मीच धाकटीला दिलं. या दोन गोष्टी माझ्यात कशा मावल्या, ते मला सांगता येणार नाही.

मग शेणखत टाकायचे दिवस आले. उकिरड्यावर आम्ही तिघी होतो. सासूबाई फावड्याने पाट्या भरून द्यायच्या, आम्ही डोक्यावर घेऊन रानात नेऊन ओतायचो. ऊन चढलं होतं. पाचव्या-सहाव्या खेपेला धाकटीने पाटी उचलली आणि तिचा हात ओटीपोटाकडे गेला. लगेच काढला. पण सासूबाईंनी बघितलं होतं.

"दुखतं का अजून?" त्या म्हणाल्या.

मी सवयीने धाकटीला सांगायला वळले, आणि मग ध्यानात आलं, त्या तिलाच विचारत होत्या.

धाकटीही गडबडली. "कधीकधी. जड उचललं की."

सासूबाई फावड्यावर टेकल्या. "मला दुखायचं. शेवटच्यानंतर दोन वर्षं. पाटी डोक्यावर घेतली की डोळ्यापुढे अंधारी यायची."

"मग?"

"मग काय. उचलायची."

 सासूबाईंनी धाकटीच्या डोक्यावरची पाटी खाली उतरवली आणि तिच्यातलं अर्धं खत हाताने काढून परत उकिरड्यावर टाकलं.

"हे मला पटलेलं नाही," त्या म्हणाल्या. "मरेपर्यंत पटणार नाही."

"माहीत आहे, आई."

"अर्धीच भरत जा."

धाकटीने अर्धी पाटी उचलली आणि चालू लागली. मी माझी पाटी पुढे केली. सासूबाईंनी ती शिगोशीग भरली, आणि मी ती डोक्यावर घेऊन तिच्या मागे निघाले.